पाण्याची बादली आणि वळिवडे

जानेवारीत घरी, हिवरा आश्रमला गेलो होतो. (गावाचंच नाव आहे बरं का, मी संन्यास वगैरे घेतलेला नाही!) विवेकानंद जन्मोत्सवात इथे शेतात हजारोंची पंगत बसते. पुरी आणि वांग्याची भाजी थेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते. माझ्याकडे लहानपणापासून पाण्याची बादली.

यंदा वाढताना 2022 सालची आमची खोकी आठवली. युक्रेनमधून लोक पोलंडला पळत होते, म्हणून पुण्याच्या ऑफिसात आम्ही स्वेटर, ब्लँकेटं जमवली. स्प्रेडशीट मीच केली होती, एकदम झकास. फक्त 'तिकडे कोण उतरवून घेणार' हा कॉलम त्यात नव्हता. खोकी पार्किंगमध्ये पावसाळ्यापर्यंत पडून. शेवटी एका वीटभट्टीवर वाटली.

तेव्हा एका कोल्हापूरकर मित्राने विचारलं, "वळिवडे माहितीये का रे?"

नव्हतं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने 1940 पासून सायबेरिया-कझाकस्तानात हाकललेली ही माणसं इराणमार्गे इथवर पोचली. जागा कोल्हापूर संस्थानात, परवानगी ब्रिटिशांची, पैसे लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचे, शिवाय मुंबईतली पोलिश वकिलात आणि रेडक्रॉस. एवढ्यांची एक मीटिंग लावून दाखवा राव! तरी शाळा, चर्च, दवाखाना, सगळं चाललं.

आणि मग 5 जुलै 1945. ब्रिटन-अमेरिकेने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली. लंडनवालं सरकार त्यांच्या लेखी संपलं. म्हणजे पोरांच्या दुधाचं बिल ज्याच्या नावावर, तोच गायब! सिस्टीम चालू आणि ओनर नाही. आमच्याकडे असं झालं तर फार तर वेबसाइट पडते.

पुढे 'अन्रा' या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने छावणी हातात घेतली. तिचा भर लोकांना मायदेशी धाडण्यावर, आणि यातल्या अनेकांची गावं तर आता सोव्हिएत हद्दीत गेलेली. कित्येक जण शेवटी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेले. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते हेच.

असो. तर यंदा शेजारच्या रांगेत भाजी पोचली नव्हती, म्हणून मी बादली ठेवून तिकडे धावलो. मागून आमच्या रांगेचे आजोबा ओरडले, "अरे बाबू, तुह्या रांगेत पानी कोन वाढीन?"

परत आलो. तोवर सात-आठ जण पेला हातात धरून बसले होते.