तीन पोती कमी सांगितली



गेल्या आठवड्यात वस्तीवर एक पोरगा आला होता, कृषी पदवीधर. मोबाईलमधल्या मॉडेलवर तुमच्या उसातून हवेत किती गॅस जातो ते काढू, म्हणाला. "काका, एकरी युरिया किती?" मी म्हणालो, सहा पोती. त्यानं भरलं, आकडा आला. तो खूश, मीबी खूश.

रात्री मंडळींनी खताच्या बिलांची पिशवी पुढ्यात ठेवली. "अहो, सहा कुठली? नऊ आणली की." मोजली तर नऊच. खोटं बोलायचं मनात नव्हतं, पण शेजारी बसलेला असताना जास्त सांगायची लाज वाटते, हे खरं. आडसालीला नत्राची शिफारस हेक्टरी 400 किलो, म्हणजे एकरी 160. युरियाची आठ पोतीसुद्धा पुरी लागत नाहीत. त्यात 10:26:26 मधलं नत्र निराळंच, ते तर मी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन लावून हिशेब समजून घेतला. 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. आयपीसीसीच्या साध्या पद्धतीत त्यातलं 1 टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं असं धरतात. गॅस भरतो सव्वातीनशे ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. म्हणजे पोत्यामागं 89 किलो. युरियातला स्वतःचा कार्बन डायऑक्साइड रानात सुटतो तो 33 किलो. मिळून 122. कारखान्यात युरिया बनताना जातो तो यात धरलेलाच नाही. माझ्या तीन पोत्यांचे झाले साडेतीनशेच्या वर, एका एकराला.

मॉडेलनं गणित बरोबरच केलं होतं. आकडा मी चुकीचा दिला.

पण त्या 1 टक्क्यावर माझं एक म्हणणं आहे. 2019 च्या सुधारणेत रासायनिक खताला ओल्या हवामानात 1.6 आणि कोरड्यात 0.5 टक्के धरलंय. तिपटीच्या वर फरक! आमचा तालुका पावसानं कोरडा, पण ऊस पाटपाण्यात उभा. पाणी दिल्यावर चार दिवस सरीत पाय ठेवता येत नाही. मग माझं रान कोरडं धरायचं का ओलं? पोरगा म्हणाला, "विचारून सांगतो काका." अजून फोन नाही. आणि युरिया फेकून वर पाणी सोडलं काय, नि मातीआड केला काय, त्याच्या फॉर्मात दोन्ही सारखंच. रानात तसं नसतं, वासच सांगतो.

नऊ पोती आणि 10:26:26 धरून माहिती परत पाठवलीय. कॅलेंडरवर लिहायलाबी लागलोय. पहिली नोंद: युरिया दोन पोती, मातीआड, पाणी दुसऱ्या दिवशी.

तुमच्याकडं एकरी किती जातात? बिलं बघून सांगा, आठवून नको.