उपचाराचा कागद आणि न्यायालयाचा कागद

तंजावरला आलेला मराठी माणूस सरस्वती महाल पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) काळातील नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे या ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. उभी हयात नस्त्या हाताळण्यात गेल्यामुळे मला त्यावरून एक प्रश्न सुचला : रुग्णाचा कागद नेमका कोणासाठी असतो?

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. याच जिल्ह्यातील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. तंजावरच्या सत्र न्यायालयाने ३० जुलै २०१४ रोजी निकाल दिला. १० जण दोषी ठरले, ११ सुटले. त्यानंतर अपिले झालीच. म्हणजे मुले गमावलेल्या आईबापांच्या शोकाला दहा वर्षे खटल्याची सोबत होती. खटला चालू असताना अशा माणसावर मानसोपचार करणे, हे साध्या उपचाराहून वेगळे काम आहे. भरू पाहणारी जखम साक्षीसाठी पुन्हा उघडावी लागते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक विपरीत प्रलोभनही दिसते. भरपाईच्या दाव्यात मानसिक क्लेश हा आधार असेल, तर बरे होणे पक्षकाराला तोट्याचे वाटू शकते. त्यात लबाडी असतेच असे नाही. व्यवस्थेची रचनाच तशी आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. वकिलाशी झालेल्या संवादाला १८७२ च्या पुरावा कायद्याने दिलेले संरक्षण २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. समुपदेशकाशी झालेल्या संवादाला तसे संरक्षण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. परंतु न्यायालयाच्या आदेशाने माहिती उघड करता येते.

म्हणून मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात. वही कोणाच्या हाती जाऊ शकते, हे उपचारकाने पहिल्याच भेटीत सांगावे. वहीत उपचाराला लागेल तेवढेच लिहावे. आणि न्यायालयाला मत हवे असल्यास ते उपचारकाने न देता स्वतंत्र तज्ज्ञाने तपासणी करून द्यावे; एरवी विश्वासाने बोललेला माणूस पुढच्या भेटीत गप्प बसेल.

भरपाईची रक्कम अदा झाली की आम्ही अधिकारी नस्ती बंद करतो. उपचाराची तरतूद मात्र निकालाच्या तारखेनंतरही चालू राहिली पाहिजे. तारखा संपल्यावर त्या घरात दुःखाशिवाय दुसरे काम उरत नाही.