समुद्रांतील काटेरी गोळा

समुद्रकांठच्या खडकांवर सर्वांगास काटे असलेला एक गोल प्राणी चिकटून असतो. इंग्रजींत त्यास 'सी अर्चिन' म्हणतात. तारामासा हा त्याचा भाऊबंद होय. गेल्या वर्षीं आमच्या नववीच्या वर्गांत एका मुलीनें कोंकणांतून त्याचें वाळलेलें कवच आणिलें. तें हातांत फिरवीत मागल्या बांकावरील एक मुलगा म्हणाला, "सर, हें तर रिकामें मडकें !" त्याबरोबर सारा वर्ग हंसला. तें हसें आमच्या जिव्हारीं कां लागलें, तें पुढें सांगूं. त्या प्रसंगापासून आम्ही ह्या प्राण्याविषयीं वाचूं लागलों, एवढें खरें.

अर्चिनाच्या कवचांत केशरी-पिवळ्या रंगाचा पांच पाकळ्यांचा गाभा असतो. जपानांत तो 'उनी' ह्या नांवानें मोठ्या आवडीनें खातात. अर्चिनास पोटभर समुद्रशेवाळ मिळालें म्हणजे हा गाभा भरतो. उपासमार झाली म्हणजे आटतो. परंतु नवल हें कीं, प्राणी मरत नाहीं. रिकाम्या पोटीं तो वर्षानुवर्षें तग धरून राहतो.

थंड समुद्रांत केल्प नांवाचें शेवाळ इतकें उंच वाढतें कीं, त्याचीं अरण्येंच होतात व असंख्य जलचर त्यांच्या आश्रयानें राहतात. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर २०१३ सालीं तारामाशांत रोग पसरला, आणि अर्चिनांस खाणारा मोठा तारामासा जवळजवळ नाहींसा झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ ह्या काळांत समुद्राचें पाणी अतोनात तापलें व शेवाळ खुरटलें. अर्चिनांस आवर घालणारा कोणी उरला नाहीं. परिणामीं उत्तर कॅलिफोर्नियांतील केल्पच्या अरण्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. उघडे खडक आणि त्यांवर भुकेल्या अर्चिनांची दाटी, एवढेंच दृश्य उरलें. आंत गाभा नसल्यामुळें कोळी त्यांस पकडीत नाहींत, आणि ते असेपर्यंत नवें शेवाळ उगवत नाहीं. अशा वेळीं 'हे उपद्रवी जीव ठेंचून टाका' असेंच कोणीहि म्हणेल. कांहीं ठिकाणीं तसें करितातहि.

जपानांतील कानागावा प्रांतांत निराळा विचार झाला. तेथील मिउरा द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरहि अर्चिनांनीं शेवाळ फस्त केलें होतें. आणि त्याच द्वीपकल्पावर कोबीचें पीक मोठें. प्रांतिक मत्स्यसंशोधन केंद्रांतील मंडळींनीं रिकामे अर्चिन टांक्यांत आणून त्यांस बाजारांत न खपणारी कोबीचीं पानें घालून पाहिलीं. त्यांनीं तीं आवडीनें खाल्लीं. कांहीं महिन्यांत गाभा भरून आला, कडूपणा कमी होऊन त्यास गोडी आली. जो प्राणी कालपर्यंत टाकाऊ होता, तो टाकाऊ पानांवर पोसून विक्रीस योग्य झाला, आणि किनाऱ्यावरील भारहि तेवढाच हलका झाला.

ह्या शेतीस मर्यादा आहेत, हें विसरूं नये. चाऱ्यासाठीं समुद्रांतील उरलेंसुरलें शेवाळच कापून आणिलें, तर रोगाहून उपाय वाईट ठरेल. टांक्यांत दाटी केली किंवा पाणी गढूळ राहूं दिलें, तर प्राणी रोगानें मरतील. शिवाय अर्चिन समूळ उपटून टाकणें हाहि हेतु नव्हे. निसर्गाच्या घरांत त्याचीहि जागा आहे. जेवढें समुद्रास डोईजड झालें तेवढेंच उचलावें, आणि शेवाळास पुन्हां उगवण्यास अवकाश द्यावा. अशा मर्यादेनें केलेली शेतीच टिकाऊ होय.

आतां त्या हंशाविषयीं. 'रिकामें मडकें' हा शब्द त्या मुलाचा नव्हता, आमचा होता. पहिल्या तासास तो पेंगे, विचारिलेल्या प्रश्नास उत्तर देत नसे. म्हणून आम्हींच एकदां रागाच्या भरांत त्यास तसें म्हटलें होतें. तो शब्द त्यानें कवचास लाविला आणि वर्ग त्याच्याकडे पाहून हंसला. पुढें पालकसभेस त्याची आई आली, तेव्हां कळलें कीं, तो पहाटेच्या पहिल्या गाडीनें येतो आणि दुपारपर्यंत एका कप चहावर असतो. वीस वर्षें शिकविण्याचें काम करून आम्हांस हें विचारावयाचें सुचलें नव्हतें !

तेव्हांपासून पहिल्या तासापूर्वीं शिक्षकांच्या खोलींत पोळीभाजीचा एक डबा ठेविलेला असतो. ज्यास हवें त्यानें निःसंकोच यावें. त्या मुलाचा पहिला क्रमांक आला असें सांगून आम्ही वाचकांस फसविणार नाहीं. गणितांत तो अजूनहि अडखळतो. परंतु आतां तो जागा असतो, आणि हात वर करितो.

आम्हीं तो शब्द सर्व वर्गासमक्ष उच्चारिला होता. म्हणून सर्व वर्गासमक्षच तो परत घेतला. कवच अद्याप आमच्या मेजावर आहे.