बोनस नेमका कोणाचा?

गाडी माझी, ईएमआय माझा. इन्शुरन्स मात्र बाबांच्या ओळखीतल्या एजंटकाकांकडे! "कंपनी बदललीस तर बोनस बुडेल," हे बाबांचं ठाम मत. सलग पाच वर्षं क्लेम नाही, म्हणजे ओन डॅमेजच्या प्रीमियमवर ५० टक्के नो क्लेम बोनस. तो कोण सोडेल? पण मंडळी, हा बोनस ना कंपनीचा, ना गाडीचा, तो मालकाचा. कंपनी बदलली तरी सोबत येतो. रिन्यूअल ९० दिवसांहून जास्त रखडलं, तर मात्र गेला.

मग काय, कोटेशन्स मागवली. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखा. खरी चुरस ओन डॅमेजमध्ये; ते दर २००७ पासून खुले आहेत. सगळ्यात स्वस्त कोटेशनवर बाबांनीच बोट ठेवलं, "आयडीव्ही बघ." गाडी चोरीला गेल्यावर मिळणारी रक्कमच तिथे कमी धरलेली! आयडीव्ही सारखी ठेवून पुन्हा तुलना केली, तरी काकांच्या कंपनीपेक्षा स्वस्त पर्याय निघालाच.

"पण क्लेमच्या वेळी आपला माणूस?" बाबांचा शेवटचा प्रश्न. खरा प्रश्न तोच होता. नव्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आमचं नेहमीचं गॅरेज दाखवलं, तेव्हा कुठे ते हसले. काकांना फोन मात्र मीच करायचा, असं ठरलंय!