गांजाचा हिशेब : तिजोरीचा आणि घराचा

होळीच्या दिवशी बनारसच्या घाटावर थंडाईत घोटलेली भांग पिणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरत नाही. त्याच झाडाचा फुलोरा चिलमीत भरून ओढणारा मात्र तुरुंगात जाऊ शकतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने या एका झाडाची अशी वाटणी करून ठेवली आहे. नुसती पाने आणि बी व्याख्येबाहेर, म्हणून भांगेचे काय करायचे ते राज्यांनी ठरवावे. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि झाडाचा चिकट द्रव म्हणजे चरस; या दोन्हींवर देशभर बंदी. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत, तर महाराष्ट्रात भांगही परवान्याशिवाय चालत नाही.

या विसंगतीकडे बोट दाखवून अधूनमधून मागणी होते की, गांजावरची बंदी उठवावी. सरकारला कर मिळेल, शेतकऱ्याला पीक मिळेल, पोलिसांचा आणि न्यायालयांचा वेळ वाचेल, असे मागणी करणारे म्हणतात. विरोध करणाऱ्यांचे एकच म्हणणे असते, मुले बिघडतील. आता यावर नुसता वाद घालत बसायचे कारण उरलेले नाही. ज्यांनी बंदी उठवली, त्यांच्याकडे दहा वर्षांहून अधिक काळाचा जमाखर्च तयार आहे. तो उघडून पाहिला तर?

सरकारी गांजा नवा नाही

गांजा विकून सरकारने पैसा मिळवावा, ही कल्पना परदेशातून आलेली नाही. इंग्रजांच्या अमदानीत बंगालमध्ये नौगाव आणि मध्य प्रांतात खंडवा येथे सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत असे आणि त्यावर अबकारी कर बसत असे. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात या व्यापाराबद्दल प्रश्न विचारला गेला आणि चौकशीसाठी एक आयोग नेमला गेला. आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. गांजामुळे माणसे वेडी होतात, हा तेव्हाचा मुख्य आरोप. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासली, तेव्हा त्यांतील नोंदी भरवशाच्या नाहीत असे आढळले. बेताचे सेवन सहसा अपाय करत नाही, अतिसेवन करते, असा निष्कर्ष निघाला. सरसकट बंदी नको. कर, परवाना आणि जवळ बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा असावी, अशी शिफारस झाली.

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाचे औषधाव्यतिरिक्त सेवन २५ वर्षांच्या मुदतीत थांबवण्याचे बंधन घातले. त्या करारात पाने वगळली गेली, म्हणून भांग वाचली. मुदत संपत आली तेव्हा भारताने १९८५ चा कायदा केला.

कोलोरॅडोची तिजोरी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये जनतेने कौल दिला आणि १ जानेवारी २०१४ पासून २१ वर्षांवरील कोणालाही दुकानातून गांजा विकत घेता येऊ लागला. करातील काही वाटा शाळांच्या इमारतींसाठी राखून ठेवला होता. मतदारांना तो मुद्दा पटला, यात नवल नाही.

पैसा खरोखरच आला. २०२१ या एका वर्षात राज्याला ४२ कोटी डॉलरहून अधिक महसूल मिळाला. गांजाच्या संबंधातील अटकाही घटल्या. २०१२ मध्ये त्या १३ हजारांवर होत्या, २०१९ मध्ये ४ हजारांच्या आसपास आल्या. हजारो तरुणांच्या नावावर गुन्ह्याची नोंद लागली नाही, हा फायदा पैशात मोजता येत नसला तरी खराच आहे. मात्र उरलेल्या अटकांमध्येही काळ्यांचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट राहिले.

मग उतार लागला. २०२३ मध्ये महसूल २८ कोटी डॉलरच्या आत आला. एक कारण असे की, शेजारच्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांनीही दुकाने उघडली आणि तिकडचे गिऱ्हाईक तुटले. दुसरे कारण अधिक मुळातले आहे. कोणाच्याही परसात उगवणाऱ्या झाडाचा भाव फार काळ चढा राहत नाही. २०१५ च्या सुरुवातीला घाऊक बाजारात एका पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, २ हजार डॉलर मिळत होते. २०२३ पर्यंत हा भाव जवळजवळ एक तृतीयांशावर आला. भाव पडला, तसा भावावर बसवलेला करही पडला.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी हा आकडा नीट पाहावा. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी सरकारकडे मागितली होती. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, गांजाला मात्र मिळतो, असे त्याचे म्हणणे. त्याची व्यथा खोटी नव्हती. हिशेब मात्र अपुरा होता. गांजाला जो भाव आहे, तो पकडले जाण्याच्या जोखमीचा भाव आहे. बंदी उठली की जोखीम जाते आणि तिच्याबरोबर भावही जातो. मग कांद्याच्या शेतकऱ्याची जी गत होते, तीच गांजाच्या शेतकऱ्याची होणार.

घरातली वही

तिजोरीची वही सरकार ठेवते, म्हणून ती सर्वांना दिसते. घरातल्या वहीचे काय?

गांजात नशा आणणाऱ्या घटकाला टीएचसी म्हणतात. अमेरिकेत जप्त होणाऱ्या मालात १९९५ मध्ये तो सुमारे ४ टक्के असे. आज तो १५ टक्क्यांच्या घरात आहे आणि गांजापासून काढलेल्या अर्कांत तर ६० टक्क्यांच्याही वर जातो. बंदीच्या काळातही तीव्रता वाढत होती; दुकानांनी तिला राजरोस मांडणी दिली. तेव्हा १८९४ च्या आयोगाने ज्या बेताच्या सेवनाला माफक म्हटले, ते आजच्या मालाला लागू करून चालणार नाही. कोवळ्या वयात, रोज आणि तीव्र गांजा घेणाऱ्यांमध्ये भास-भ्रमाच्या मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने वारंवार दाखवले आहे. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि व्यसनाची सुरुवात बहुधा त्याच्या खूप आधी होते.

बाजारात नुसता फुलोरा आला नाही. बिस्किटे, चॉकलेटे आणि रंगीत गोळ्याही आल्या. सहा वर्षांखालील मुलांनी अशा वस्तू चुकून खाल्ल्याच्या २०७ घटना २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे नोंदल्या गेल्या होत्या. २०२१ मध्ये हा आकडा ३०५४ झाला. बहुतेक सर्व घटना घरातच घडल्या होत्या. कोणी दगावले नाही, पण दर चारपाच मुलांमागे एकाला इस्पितळात ठेवावे लागले. कोलोरॅडो सरकारने पुढे प्रत्येक गोळीवर धोक्याची खूण सक्तीची केली आणि फळांच्या व प्राण्यांच्या आकाराच्या गोळ्या बंद केल्या. खाऊसारखी दिसणारी वस्तू घरात ठेवली, तर लहान मूल ती तोंडात घालणारच. हे कळायला कायदा अमलात आल्यानंतरची काही वर्षे जावी लागली.

एक भीती मात्र खरी ठरली नाही, हेही सांगितले पाहिजे. कोलोरॅडोत शाळकरी मुलांमधले सेवन भडकले नाही. दर पाचांतला एक विद्यार्थी महिन्यात कधीतरी गांजा घेतो, हे प्रमाण २०१९ पर्यंत तसेच राहिले आणि २०२१ च्या पाहणीत ते १३ टक्क्यांवर आले.

मग ओझे कोणावर पडले? उत्तर दुकानाच्या गल्ल्यातच आहे. २०१४ मध्ये कोलोरॅडोच्या बाजाराची पाहणी झाली, तेव्हा असे दिसले की, साधारण दर पाचांतला एक गिऱ्हाईक जवळजवळ रोज गांजा घेतो आणि एकूण मालापैकी दोन तृतीयांश माल तोच संपवतो. कधीतरी मजा म्हणून घेणाऱ्यावर हे दुकान चालत नाही. ते चालते रोजच्या गिऱ्हाइकावर, म्हणजे ज्याचे काम, झोप आणि घरातली माणसे गांजामागे पडू लागली आहेत त्याच्यावर. दारूच्या धंद्याचे गणित ज्यांनी आपल्या गल्लीत पाहिले आहे, त्यांना हे नवीन वाटणार नाही.

थायलंडची घाई

कोलोरॅडोने निदान नियम करून दुकाने उघडली. थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, तेव्हा विक्रीचा कायदाच तयार नव्हता. पाहता पाहता हजारो दुकाने उघडली. पर्यटक आले, पैसा आला आणि तक्रारीही आल्या. अखेर जून २०२५ मध्ये सरकारने पाऊल मागे घेतले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई केली. दुकानात भांडवल घातलेल्या लहान व्यापाऱ्यांची त्यात चांगलीच अडचण झाली.

याची झळ मुंबईपर्यंत पोहोचली. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात मातीविना वाढवलेला तीव्र गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला गेला. यात बरेचदा सापडतात ती फुकटच्या सहलीच्या आणि थोड्या पैशाच्या आमिषाने बॅग आणायला तयार झालेली साधी माणसे. त्यांना हे ठाऊक नसते की, २० किलोहून अधिक गांजा म्हणजे आपल्या कायद्यात किमान १० वर्षांची सक्तमजुरी.

बंदीचाही खर्च आहे

मग आहे तेच चालू द्यावे का? बंदीचाही एक खर्च आहे आणि तोही घरालाच भरावा लागतो. २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे २ कोटी २० लाख लोक भांग घेतात आणि १ कोटी ३० लाख लोक गांजा किंवा चरस. ७२ लाखांना या व्यसनातून सुटण्यासाठी मदतीची गरज आहे. म्हणजे ४० वर्षांच्या बंदीने गांजा संपलेला नाही, आणि एवढ्या माणसांना तुरुंगात घालणेही शक्य नाही.

समजा, कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या खिशात एक पुडी सापडली. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्यात अल्प प्रमाण मानला जातो. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षा दंडावर भागली तरी वकील, तारखा, नोकरीच्या वेळची चौकशी आणि शेजाऱ्यांची कुजबुज हे सारे आईवडिलांच्या वाट्याला येते. भीतीपोटी घरचे लोक डॉक्टरकडे जायचेही टाळतात. मुलाचे व्यसन वर्षानुवर्षे बंद दाराआड वाढत जाते.

खरे पाहता याच कायद्यात एक दार उघडे ठेवलेले आहे. कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. मात्र उपचार पूर्ण केले पाहिजेत. हे कलम किती पालकांना ठाऊक असते? पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्राने ऐकले आहे. केंद्र सरकारचा १४४४६ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आहे. तरीही पहिला फोन बहुधा ओळखीच्या पोलिसाला नाहीतर वकिलाला जातो.

दोन वेगळे प्रश्न

गांजाच्या चर्चेत दोन प्रश्न एकात एक गुंतवले जातात. ओढणाऱ्याला गुन्हेगार मानायचे का, हा एक. गांजाचे दुकान उघडायचे का, हा दुसरा. पहिल्याला ‘नाही’ म्हटले, म्हणजे दुसऱ्याला ‘होय’ म्हणावेच लागते असे नाही. पोर्तुगालने २००१ मध्ये हा फरक ओळखला. तिथे २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ सापडला, तर तो फौजदारी गुन्हा धरत नाहीत. तीन सदस्यांच्या समितीपुढे जावे लागते आणि गरज असेल तर उपचारांचा सल्ला मिळतो. विकणे मात्र गुन्हाच राहिले. गांजाच्या करावर तिथल्या तिजोरीला पैसा मिळाला नाही, पण व्यसनी माणसाच्या रोजच्या खरेदीवर नफा कमावणारी दुकानेही उभी राहिली नाहीत.

आपल्याकडे कधी ना कधी हा विषय विधिमंडळांत आणि संसदेत येईल. धाग्यासाठी आणि औषधासाठी, नशेचा अंश नगण्य असलेल्या भांगेच्या लागवडीकडे उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेश वळू लागले आहेतच. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिचा विचार शेतीच्या अंगाने व्हावा. पण नशेच्या गांजाचे दुकान उघडून तिजोरी भरण्याचा प्रस्ताव कोणी मांडला, तर प्रत्येक गृहिणीने आणि गृहस्थाने एक प्रश्न जरूर विचारावा : हा पैसा कोणाच्या घरातून येणार आहे? आणि बंदी आहे तशीच ठेवा म्हणणाऱ्यालाही विचारावे की, पुडीसाठी पकडल्या गेलेल्या मुलाला तुम्ही दवाखान्यात पाठवणार की कोठडीत?