समान वाटप म्हणजे न्याय नव्हे!

सध्या जिकडेतिकडे नवीन कॉम्प्युटर खरेदीच्या चर्चा आहेत. त्यावरून एक जुनी चूक आठवली. माझीच.

एका कॉलेजात मी लॅब सांभाळायचो. एका विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टसाठी पावसाच्या नोंदींच्या ४०० फायली तपासायच्या होत्या. एकाच मशीनवर चाळीस तास लागले असते. म्हटलं, रात्री सगळी मशिनं रिकामीच असतात की! नेटवर्कवरची २० धरली, प्रत्येकाला २० फायली दिल्या, रात्री एकला काम सुरू केलं नि घरी गेलो.

१६ नवी मशिनं सहा मिनिटांत एक फाइल उरकायची. ती दोन तासांत मोकळी झाली. चार जुन्यांना मात्र एका फाइलला अर्धा तास लागायचा, म्हणजे काम संपणार सकाळी अकराला. त्यातलं एक ऑफिसातलं. दहाला ताई आल्या. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, दारात पोरांची रांग आणि मशीन हलेना!

"सर, काय केलंत हो माझ्या मशीनला?"

काय सांगणार? धावत जाऊन काम बंद केलं. फॉर्म सगळे गेले, पण ताई संध्याकाळी सातपर्यंत बसल्या.

नंतर वाटपच बदललं. फायली एका जागी ठेवल्या, ज्याचं काम संपेल त्याने पुढची उचलायची. तीच २० मशिनं, तेच काम तीन तासांच्या आत झालं. दुसरा नियम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या 'काँडॉर'कडून घेतला. १९८८ पासून तिथे रिकाम्या मशिनांवर अशीच कामं चालतात. मालकाने कीबोर्डला हात लावला की पाहुणं काम बाजूला होतं. जिथवर झालं तिथवरची नोंद ठेवून ते दुसऱ्या मोकळ्या मशीनवर पुढे चालू करता येतं. आमच्याकडे एवढी सोय नव्हती, पण ताईंचं मशीन आधी यादीतून काढलं.

मुद्दा एवढाच. लोकांच्या पैशाची मशिनं रात्रभर झोपलेली असताना नवीन खरेदीची फाइल फिरवण्याआधी एक आठवडा मोजून बघा, कुठलं मशीन किती वेळ रिकामं असतं ते. गरज असेल तर जरूर घ्या. पण वाटून वापरताना दोन गोष्टी विसरू नका: ज्याची जेवढी ताकद तेवढंच ओझं, आणि ज्याचं टेबल त्याचा हक्क पहिला.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये सांगा.