मांगीतुंगीच्या वाटेवर

नाशिकहून मांगीतुंगी सुमारे सव्वाशे किलोमीटर. मोटारीने तीन तासांत संपणारा हा रस्ता नाताळच्या सुटीत नाशिकच्या एका कुटुंबाने जवळजवळ दिवसभर पुरविला. तीन पिढ्यांची सात माणसे आणि भाड्याने घेतलेली कॅरव्हॅन. आत निजण्याच्या फळ्या, लहानसा ओटा, शेगडी आणि पाण्याची टाकी. शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असले, तरी आपल्या समाजात अशी गाडी अजून अपूर्वाईचीच. कंदमुळाशिवायचे जेवण कोठे मिळेल आणि ते सूर्यास्तापूर्वी मिळेल काय, ही जैन प्रवाशाची जुनी चिंता. स्वयंपाकघरच बरोबर निघाल्यामुळे ती मिटली, असे धाकट्या सुनेला वाटले होते. आजींनी मात्र कळशी, दुहेरी गळणे आणि कडीची बादली निमूटपणे आपल्या आसनाखाली ठेवली.

सूर्योदयानंतर गाडी आग्रा रस्त्याला लागली. ओझर मागे पडले. पिंपळगाव बसवंतला लाल कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग दिसताच थोरल्या चिरंजीवांनी खिडकीची काच खाली केली. दुसऱ्या दिवशीच्या लिलावाला पोहोचण्यासाठी रात्रीच परतायचे, या अटीवरच ते निघाले होते. पिढ्यानपिढ्या कांद्याची आडत करणाऱ्या या घरात कांदा चुलीवर कधी चढला नाही. लोकांना याची गंमत वाटते. घरच्यांच्या ते ध्यानातही येत नाही.

वडाळीभोईच्या आसपास डावीकडे सातमाळ्याची रांग उभी राहते. त्यात धोडप लगेच ओळखू येतो. त्याच्या कातळभिंतीतील खाच एवढी रेखीव आहे की, कोणी गवंड्याने मोजून पाडली असावी. सोग्रस फाट्यावर देवळ्याकडे वळण्याआधी गाडी थोडी पुढे चांदवडला जाऊन आली. अहिल्यादेवींचा रंगमहाल, डोंगरातील जैन लेणी आणि १९२८ पासून चालत आलेली नेमिनाथ जैन शिक्षणसंस्था या तिन्ही गोष्टी एका गावात असूनही बहुतेक यात्रेकरू हे गाव केवळ खिडकीतून पाहतात. या कुटुंबानेही लेण्यांचे दर्शन घाईतच उरकले.

भावडबारीचा घाट उतरून देवळा ओलांडल्यावर गिरणेच्या काठचा प्रदेश लागतो. ठेंगोड्याच्या पुढे एका मळ्यातील विहिरीजवळ जेवणासाठी गाडी थांबली आणि येथेच दिवसाचे वेळापत्रक मोडले. टाकीचे पाणी आजी घेईनात. सुनेने ते गाळून देऊ केले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "गाळशील गं, पण जिवाणी कुठं सोडायची?"

पाणी ज्या ठिकाणचे, तेथेच त्यातील जीव परत गेले पाहिजेत. बंद टाकीतले पाणी कोणत्या विहिरीचे, कोणत्या नदीचे, हे कोणास ठाऊक? सर्व सोयींनी युक्त अशा त्या गाडीत या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेतकऱ्याकडून दोर मागून घेतला गेला. आजींनी पाणी शेंदविले, सावकाश गाळले, गळणे उलटे करून गाळलेल्याच पाण्याने धुतले आणि ते धुवण बादलीतून विहिरीच्या तळापर्यंत अलगद सोडावयास लावले. नातू पुनःपुन्हा घड्याळ पाहत होता. येथे तास गेला तर आज मांगीची चढण राहिली, हा त्याचा हिशेब बरोबर होता.

सटाणा सोडल्यावर डाळिंबाच्या बागा लागतात आणि मोसम नदीकाठचे ताहाराबाद येते. पश्चिमेला साल्हेर. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. पुढे रांगेवर दोन सुळके दिसू लागतात. ते दिसताच गाडीतील बोलणे थांबले. राम, हनुमान, सुग्रीव यांच्यासह नव्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी परंपरा आहे. डोंगराच्या कड्यात अखंड पाषाणातून कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठित झाली. आजी मात्र मूर्तीच्याही वर, उजाड तुंगीकडे पाहत होत्या.

त्यांनी मांगी पाहिली होती, तुंगी नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी दोन्ही शिखरांमधील वाटेवर आजोबांनी उन्हाकडे पाहिले, दुकानाची आठवण काढली, आणि दोघे माघारी फिरले. "पुढच्या खेपेला," असे ते म्हणाले होते. ती खेप त्यांच्या हयातीत आली नाही.

पायथ्याशी पोहोचेपर्यंत तीन वाजून गेले. साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या. त्या दिवशी वर जाणे शक्यच नव्हते. साडेपाचला मुगाची खिचडी आणि कढी झाली, सहाच्या सुमारास सूर्य रांगेआड गेला. भांडी पालथी पडली. परतण्यासाठी चालकाने दिवे लावले, तेव्हा नातू म्हणाला, "आजी, आपण परत येऊ." आजींनी मान हलविली, पण हो की नाही, ते कळले नाही.

थोरले चिरंजीव गाडीतून उतरून अंधारात काही पावले पुढे गेले. मुनीमजींना त्यांनी फोन केला. "उद्याचा लिलाव तुम्हीच सांभाळा," इतकेच शब्द आत ऐकू आले.

पहाटे थंडी कडक होती. डोलीवाले आले, आजींनी त्यांना थोडे मागून यावयास सांगितले. पहिल्या पायरीवर काठी टेकवून त्यांनी णमोकार म्हटला आणि मोजावयास आरंभ केला. शंभरीच्या आत मोजणी नातवाकडे आली, कारण त्यांना दम लागला होता.